भैरवगड नेमका कोणता? किल्ल्यांच्या मराठी साइटची एसईओ नोंद

किल्ल्यांची आमची मराठी साइट गूगलसारख्या शोधात नीट सापडावी (यालाच एसईओ म्हणतात) म्हणून चाललेल्या कामाची ही नोंद. सद्यस्थिती: जुन्या पानांचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) आणून झाला, पानांचे पत्ते (यूआरएल) बदलले, साइटमॅप (सर्च इंजिनांसाठी पानांच्या पत्त्यांची यादी) नव्याने दिला. फोटो आणि फाँटचं काम चालू आहे. छंद म्हणून गडकोटांची मराठी साइट चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं जसंच्या तसं वापरता येईल.

सुरुवात मजकुरापासून केली, कारण मराठी साइटचं निम्मं एसईओ अक्षरांतच अडकलेलं असतं. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पान पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. सर्च इंजिन ती आतली अक्षरंच वाचतं. तपासायला सोपं आहे: पानावरची एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे अगम्य चिन्हं आली, तर ते पान मराठी शोधात कधीच सापडणार नाही. जुन्या पीडीएफनाही हीच कसोटी लावा.

कन्व्हर्टरमधून (जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून) काढलेला मजकूर तसाच चढवू नका. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे ‘मूर्ती’तला रफार पुढे सरकतो, ‘किल्ल्याच्या’मधली वेलांटी भलतीकडे चिकटते. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं एवढी तरी डोळ्यांखालून घालावीच लागतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘पायऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी साठवलेला सापडतो. एकात ऱ (युनिकोड ०९३१), हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधा-बदला करताना एक रूप दुसऱ्याशी जुळेलच याची खात्री नाही. ‘ॲ’चंही तसंच: ०९७२ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ बरोबर आलं, त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. साइटभर एकच रूप ठेवा. इथे ०९३१ आणि ०९७२ कायम केले आहेत.

मग पत्ते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत ३ बाइट घेतं आणि पत्त्यात त्याची टक्केचिन्हांसकट ९ अक्षरं होतात. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. ‘हरिश्चंद्रगड’मध्ये अशी १२ चिन्हं आहेत, म्हणजे एका नावाची १०८ अक्षरं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीत पानाचा पत्ता २०० अक्षरांवर कापला जातो. ‘हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने’ असं शीर्षक दिलं, की पत्ता ‘हरिश्चंद्रगड-नळीच्या-वाट’ इथेच तुटतो; उरलेल्या ‘ेने’ला जागाच राहत नाही. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, त्यात गैर काही नाही. पण व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की टक्केचिन्हांची लांबलचक रांग दिसते आणि लोक ती उघडायला कचरतात. म्हणून रोमन लिपीतले आखूड पत्ते घेतले: गडाचं नाव, गावाचं नाव, बस.

पत्ता बदलला की जुन्यावरून नव्यावर ३०१ पाठवणी (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्यावर नेणारी सूचना) हवीच, आणि तीही एकाच टप्प्यात. जुना, मधला, नवा अशी साखळी ठेवू नये. जुनी सगळी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणं ही हमखास होणारी चूक. गूगल अशी वळणं बहुधा ‘सॉफ्ट ४०४’ (पान उघडतं, पण नसल्यातच जमा) धरतं आणि जुन्या पानाची पुण्याई वाया जाते. ज्याला जोडीदार पान नाही, त्याला सरळ ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान कायमचं काढलं) द्या. पाठवणी किमान वर्षभर ठेवा आणि साइटमधल्या आतल्या लिंका हाताने नव्या पत्त्यावर आणा.

सगळ्यात जास्त विचार नावांवर करावा लागला. ‘भैरवगड’ म्हटलं तर कोणता? मुरबाड तालुक्यातला मोरोशीचा, अकोले तालुक्यातला शिरपुंज्याचा, त्याच तालुक्यातला कोथळ्याचा, की पाटण तालुक्यातला हेळवाकचा? मोरोशीच्या भैरवगडाला कातळारोहणाचं सामान आणि माहीतगार लागतात. शिरपुंज्याचा गड साधा ट्रेकर चढून जातो. चुकीच्या पानावर पोचलेला माणूस चुकीच्या तयारीने निघतो. तेव्हा इथे शीर्षक नेमकं असणं हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, आणि आमच्या मते हे काम बाकी सगळ्याच्या आधी व्हायला हवं.

आता प्रत्येक गडाला स्वतंत्र पान आणि शीर्षकात गाव: ‘भैरवगड (मोरोशी): वाट, पाणी, मुक्काम’. पहिल्या परिच्छेदात तालुका, जिल्हा आणि पायथ्याचं गाव. शिवाय ‘भैरवगड नावाचे किल्ले’ असं एक छोटं पान, तिथून चौघांकडे लिंक आणि चौघांकडून परत. लिंकच्या शब्दांत गडाचं नाव असावं. ‘इथे क्लिक करा’ यातून वाचकाला काही कळत नाही आणि गूगललाही. उलट, एकाच गडाला दोन नावं असतील (कोंढाणा आणि सिंहगड, पेठचा किल्ला आणि कोथळीगड) तर पान एकच ठेवून दोन्ही नावं मजकुरात घ्यायची. दोन नावांची दोन पानं केली, तर ती एकमेकांच्याच वाटेत येतात.

कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) काढून टाकला. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. वर्णनाचा टॅग ठेवला. त्याने क्रमांक वर जात नाही, पण निकालाखाली दिसणाऱ्या दोन ओळी बऱ्याचदा तिथूनच उचलल्या जातात. पानाची भाषा मराठी असल्याचा ‘लँग’ टॅगही दिला. गूगल भाषा मजकुरावरूनच ओळखतं, पण स्क्रीन रीडरला उच्चारासाठी तो टॅग लागतो.

रोबोट्स फाइलबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ती फाइल बॉटला (सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) पान वाचण्यापासून अडवते. पान सर्च इंजिनच्या यादीतून काढत नाही. पान शोधात नको असेल तर पानावर ‘नोइंडेक्स’ (यादीत घेऊ नका) ही सूचना द्या आणि रोबोट्समध्ये ते मोकळं ठेवा. अडवलेल्या पानावरचा नोइंडेक्स बॉटला दिसणारच नाही. नवी साइट शोधात अजिबात येत नसेल, तर आधी वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमधली सर्च इंजिनांना परावृत्त करणारी खूण पाहा. साइट बनवताना दिलेली ती खूण काढायची राहून जाते.

साइटमॅपची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी, म्हणजे छंदाच्या साइटला चिंताच नाही. त्यातली प्रायोरिटी आणि बदलाची वारंवारता गूगल बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतं, तीही खरी असेल तरच. शुद्धलेखनाची एक दुरुस्ती केली म्हणून सगळ्या पानांच्या तारखा पुढे ढकलू नका.

वेगाचं काम अर्ध्यावर आहे. लक्ष्य ठरलेली आहेत: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा (एलसीपी), टॅपला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (आयएनपी, मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी) आणि मांडणीची हालचाल ०.१ च्या आत राहावी (सीएलएस). किल्ल्यांच्या साइटवर पहिला अडसर फोटोंचा. मोबाइलमधला मूळ फोटो न चढवता १६०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (हलक्या फाइलचा फोटो) करायचा, रुंदी-उंची कोडमध्ये लिहायची. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (वाचक तिथवर आल्यावरच फोटो आणणं) ठीक. सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला ते दिलं तर एलसीपी हमखास बिघडतो. ऑल्ट मजकूर (कोडमधलं फोटोचं वर्णन) ‘फोटो १’ असा नको, ‘राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी’ असा हवा.

फाँट मुक्ता. त्याची ७ वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, पण साधं आणि ठळक एवढी दोनच घेतली. फाँट छाटताना (फाइल हलकी करायला नको ते भाग काढताना) जपा: जोडाक्षरं घडवणारी कोष्टकं निघून गेली तर ‘श्च’ आणि ‘द्र’ हलन्त दाखवत सुटे पडतात. दंड आणि झिरो विड्थ जॉइनरही छाटणीत जाऊ देऊ नका. पान उघडताना पर्यायी फाँटच्या जागी मुक्ता आला की ओळींची उंची उडी मारते, त्यामुळे सीएलएस वाढतो; पर्यायी फाँटचं माप जुळवणं बाकी आहे.

सर्च कन्सोलमध्ये (साइट चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात) १६ महिन्यांपर्यंतचे आकडे मिळतात, पण फार थोड्या लोकांनी केलेले शोध त्यात लपवलेले असतात. म्हणून शोधांच्या यादीची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. त्यात बिघाड शोधत बसू नये. पानांच्या अहवालात दोन शेरे वेगळे वाचा. ‘डिस्कव्हर्ड’ म्हणजे पत्ता कळला, पण बॉट अजून आलेला नाही: तिथे आतल्या लिंका वाढवा. ‘क्रॉल्ड’ म्हणजे येऊन, वाचून गेला आणि तरी पान यादीत घेतलं नाही: तिथे मजकूर बघा.

दुसऱ्या शेऱ्याखालची आमची पानं बहुतेक एक फोटो आणि तीन ओळींची आहेत. त्यांचं काम आता हाती घ्यायचं. ज्या गडाची पायथ्याचं गाव, शेवटची एसटी, टाक्यांत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं आणि पावसाळ्यात कोणती वाट बंद असते एवढी माहिती खात्रीने देता येईल, त्याचं पान वाढवायचं. जिथे ती मिळत नाही, ते पान तालुक्याच्या पानात विलीन करून ३०१ लावायचा.