टोन लावायच्या आधी इनपुट ऐका
थंडी पडली की दरवर्षीचंच आहे बघा, बालाघाटावरच्या आमच्या हॅम (हौशी) रेडिओच्या रिपीटरवर, म्हणजे एका फ्रीक्वेन्सीवर (इनपुट) ऐकून तेच दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर (आउटपुट) परत सोडणाऱ्या मशिनवर, सकाळी शेजारच्या जिल्ह्यातली मंडळी ऐकू यायला लागतात. आपलं कुणीतरी अंबाजोगाईच्या खालच्या अंगाला हँडीवर (हातातल्या रेडिओवर) बोलत असतं आणि मधेच त्याच्यावर दुसराच कॉलसाइन (रेडिओवाल्याचं ओळखनाव) चढतो, ऊन तापलं की सगळं गायब. मशिनात बिघाड असता तर तो दुपारीही राहिला असता ना. रात्री जमीन गार होते, वर गरम हवेचा थर राहतो, त्यामुळं व्हीएचएफ सिग्नल वाकून लांब लांब जातो आणि एकाच फ्रीक्वेन्सी जोडीवरचे दोन रिपीटर एकमेकांत घुसतात.

पण ग्रुपवर लगेच सुरू, "त्यांनी पॉवर वाढवली." उगं भांडण करू नका राव, आधी हँडीवर रिव्हर्स दाबा आणि ६०० किलोहर्ट्झ खाली इनपुट ऐका. टेकडीवर रिपीटरजवळ उभं राहून ऐकलं तर उत्तमच. तिथं त्यांचा माणूस ऐकू आला तर तो आपलं मशिन उघडतोय (चालू करतोय), तिथं शांतता असेल आणि आउटपुटवर आवाज असेल तर त्यांचा रिपीटर थेट तुमच्या हँडीपर्यंत येतोय. मीटरवर पण कळतं, गावात आपला रिपीटर फुल काटा देतो, त्यांचा आला की काटा निम्म्यावर लटकतो. दोन्ही दुखणी वेगळी, औषध पण वेगळं.

दिवसभर खरखर असेल तर मात्र हवेला दोष देऊ नका, शेजारच्या टॉवरच्या ट्रान्समीटरचे सिग्नल एकमेकांत मिसळत असतील. रिसीव्हरच्या आधी ३ डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) टाकून बघा, खरखर ९ डीबीच्या आसपास उतरली तर भानगड आपल्याच रिसीव्हरमध्ये होतेय, ३ डीबीच उतरली तर बाहेर कुठंतरी, बऱ्याचदा गंजलेल्या क्लॅम्पमध्ये.

आता टोन, म्हणजे बोलण्यासोबत जाणारा बारीक सूर, तो ओळखला तरच रिपीटर उघडतो. इनपुटला टोन लावला की परका माणूस मशिन उघडू शकत नाही, ते खरं. पण त्याचा सिग्नल हवेतच असतो! एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला दाबतो, म्हणजे दरीतून पाव वॅटवर बोलणारा आपला माणूस दबलेलाच राहतो, आपल्याला फक्त ते कळत नाही. १९९३ ला किल्लारीला भूकंपानंतर हॅम लोकांनी निरोप पोचवले तो हा आपला भाग, इथं दुबळा सिग्नल ऐकू येणं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून खरा उपाय म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी बसून एकाची जोडीच बदलणं, आणि ते बोलणं आता चालू झालंय.

तोवर आमच्याकडं ८८.५ हर्ट्झ, त्यांच्याकडं १२३. टोन फक्त ट्रान्समिटला लावा, रिसीव्हला नको, म्हणजे पीटीटी (बोलायचं बटण) दाबायच्या आधी वर कोण बोलतंय ते ऐकू येईल.