आमची वाटचाल : चेंडू आमचे, कुलूप दुसऱ्याचं

क्रिकेट सामन्याचं कोडिंग, म्हणजे व्हिडिओ बघून प्रत्येक चेंडूची नोंद करणं, ज्यांनी केलंय त्यांना हा हिशेब पाठ असतो. टी-ट्वेन्टीचे दोन पूर्ण डाव म्हणजे वाइड-नोबॉल सोडून 240 चेंडू, आणि कसोटीचा नव्वद षटकांचा दिवस म्हणजे 540. आम्ही एका चेंडूच्या चौदा नोंदी करतो: लाइन, लेंग्थ, टप्प्यानंतरची हालचाल, फलंदाजाचं पाऊल पुढे की मागे, फटका, बॅटवर चेंडू नीट आला की नाही, वगैरे. म्हणजे कसोटीच्या एका दिवसाच्या साडेसात हजारांवर नोंदी होतात. संघांसाठी हे काम आम्ही पहिल्या दिवसापासून करतोय आणि चांगलं करतोय. स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण मधल्या काळात आमच्याबद्दल दुसऱ्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंचसं खोटं होतं.

सुरुवात दोघांची. नोंदी मी करायचो, प्रोग्राम माझा भागीदार लिहायचा. त्याने एका साध्या कीबोर्डवर रंगीत स्टिकर लावून दिले होते: लाल म्हणजे यॉर्कर, पिवळा फुल, हिरवा गुड लेंग्थ, निळा शॉर्ट. डाव्या हाताने लेंग्थ, उजव्या हाताने फटका, आणि बाजूला जॉग व्हील. ते चाक बोटाने फिरवलं की व्हिडिओ एकेक फ्रेम मागेपुढे सरकतो. तीच मांडणी आजही आहे. कामाला नवीन कोणी आलं की पहिले दोन दिवस आम्ही त्याला सामना दाखवतच नाही, फक्त कीबोर्ड देतो. बोटं बसली की नजर चेंडूवर राहते. ज्याला खाली बघून बटण शोधावं लागतं, त्याची पुढच्या चेंडूची लेंग्थ चुकणारच.

दोन माणसांच्या कंपनीने सगळं स्वतः लिहायचं नसतं, एवढं तेव्हाही कळत होतं. म्हणून विश्लेषणाचं तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं, वर्षाच्या परवान्यावर. त्यावर सहा वर्षं छान गेली.

मग ती सॉफ्टवेअर कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. हंगाम सुरू व्हायला सात आठवडे होते. मेल आला की आपल्या मशीनवर चालणारी आवृत्ती बंद होतेय, यापुढे सगळं क्लाउडवर, आणि प्रत्येक वापरणाऱ्यामागे परवान्याचे दर तिप्पट. तेही एक वेळ सोसलं असतं. पण जुने सामने बाहेर काढायला गेलो तेव्हा हातात आल्या व्हिडिओच्या क्लिपा आणि पीडीएफ अहवाल. कुठल्या सेकंदाला कुठला चेंडू, त्याच्या चौदा नोंदी कुठल्या, हा कच्चा माल त्यांच्या फाइलीत बंद होता आणि ती फाइल फक्त त्यांचंच सॉफ्टवेअर उघडत होतं. सहा वर्षांचे चेंडू आम्ही एकेक करून बघितलेले, आणि कुलूप त्यांचं.

त्याच आठवड्यात आमच्याच धंद्यातल्या एका मोठ्या संस्थेने त्या नव्या आवृत्तीची विक्री घेतली. आमच्या पाच संघांकडे त्यांचा माणूस गेला. ‘त्यांचं सॉफ्टवेअर बंद पडतंय, पुढच्या हंगामात ते स्वतःही नसतील,’ हे त्याने प्रत्येक ठिकाणी सांगितलं. सोबत चकाकता डॅशबोर्ड दाखवला, दर चेंडूला जिंकण्याची टक्केवारी हलते तसला. तीन संघ गेले. एकानेही आम्हाला फोन करून विचारलं नाही की हे खरं आहे का. मला ते अजून लागतं.

भागीदार म्हणाला, आता पुरे, सगळं आपण बांधू. मीही हो म्हटलं, रागाच्या भरात. पुढचे आठ महिने आमचे कशात गेले? व्हिडिओ प्लेअरमध्ये. दाबलेल्या, म्हणजे कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत पूर्ण चित्र काही अंतराने एकदा साठवलेलं असतं, मधल्या फ्रेमांत फक्त बदल. पुन्हा एन्कोड न करता क्लिप कापली की ती त्या पूर्ण चित्रापासूनच सुरू होते, म्हणजे आधीच्या चेंडूचं शेपूट चिकटून येतं. त्यात मोबाइलवर काढलेल्या चित्रणाचा फ्रेमचा वेग स्थिर नसतो. आम्ही वेळ काढायचो फ्रेम मोजून. डावाच्या शेवटी सतराव्या षटकाचं बटण दाबलं की सोळाव्यातला चेंडू उघडायचा. फ्रेमच्या क्रमांकाऐवजी फ्रेमवर नोंदलेली वेळ घ्यायची, हे कळेपर्यंत अर्धा हंगाम गेला. त्या काळात आम्ही क्रिकेटबद्दल एकही नवी गोष्ट शोधली नाही.

तेव्हा कंपनी उभी राहिली ती एका प्रशिक्षकांमुळे. सर आमचे पहिले ग्राहक. आमचं सॉफ्टवेअर बंद पडलं त्या सामन्यात मी छापील कागदावर पेन्सिलीने टप्पे मांडून दिले, सरांनी तेच ड्रेसिंग रूममध्ये लावले. नंतर म्हणाले, ‘तुमचा प्रोग्राम चालतो की नाही हे मी कधी विचारलंय का? माझा ऑफस्पिनर डावखुऱ्यांना आखूड का टाकतो, एवढं मला सांगा.’

त्या रात्री मी सरांनी आणि बाकीच्यांनी गेल्या वर्षभरात विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला. चित्रण, कापणं, दाखवणं यातला एकही प्रश्न असा नव्हता जो विकतच्या साधनाने सुटला नसता. पण ‘आखूड’ म्हणजे किती, ऑफस्पिनरसाठी कुठून आणि वेगवान गोलंदाजासाठी कुठून, ‘चुकलेला फटका’ कशाला म्हणायचं, याचं उत्तर कुठल्याच विकतच्या साधनात नव्हतं. ते आमच्या डोक्यात होतं. म्हणून प्लेअर विकत घेतला आणि नोंदींचा कोश, डेटाबेस, अहवाल आपले ठेवले. डेटाबेस तपासायला क्रिकशीट या संकेतस्थळावरची चेंडूगणिक मोफत माहिती वापरली. तिच्यात धावा, बळी, कोणी कोणाला टाकला हे सगळं आहे, लाइन-लेंग्थ नाही. आमची जागा नेमकी कुठे आहे ते त्यातूनच दिसलं.

भागीदाराला हे पटलं नाही. प्लेअर जवळजवळ झाला होता असं तो म्हणायचा, आणि तसं होतंही. तो नोकरीला गेला. स्टिकर त्याचेच आहेत.

नवीन लोकांना दोन गोष्टी सांगतो. करार करण्याआधी एक पूर्ण सामना स्वतः कोड करा, कच्च्या नोंदी वेळेसकट सीएसव्हीत किंवा एक्सएमएलमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामही वाचू शकतील अशा साध्या फाइलीत, बाहेर काढा आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. विक्रेता ‘होतं की’ म्हणेल, त्यावर विसंबू नका. दुसरं, एका कॅमेऱ्यावर चेंडूचा मार्ग काढून देतो असं कोणाला कबूल करू नका. 2001 साली लॉर्ड्सच्या कसोटीत हॉक-आय पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं, तेव्हापासून प्रत्येक ग्राहक ते मागतो. त्यामागे मैदानाभोवती लावलेले अनेक कॅमेरे असतात. आपला साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेम घेतो. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू दोन फ्रेमच्या मध्ये दीड मीटर पुढे गेलेला असतो. टप्पा नेमका त्या दीड मीटरात पडला तर काय दाखवणार?

गेलेल्या तिघांपैकी एक संघ यंदा परत आला. सोबत पेन ड्राइव्ह होता: दोन हंगामांचे पीडीएफ आणि सामन्यांचं मूळ चित्रण. कच्च्या नोंदी त्यांनाही मिळाल्या नाहीत. आम्ही ते सगळे सामने पहिल्या चेंडूपासून पुन्हा कोड करतोय, वेगळे पैसे न घेता. काल नववा सामना पूर्ण झाला.