नवा कोच आला, आता तरी वर येणार का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी या प्रश्नावर "बघू" म्हणतो आणि चहा मागवतो.

जानेवारीपासून हा प्रश्न मेहुण्याने विचारून झाला, सोसायटीच्या वॉचमनने विचारला, सलूनवाल्याने मान वाकडी करून धरलेली असताना विचारला, आणि आमच्या गोलकीपरच्या आईने तर दोनदा विचारला. आमचा क्लब मुंबईच्या फुटबॉल लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला खेळतो. किती खालच्या ते सोडा, आमच्या खाली फार कोणी नाही एवढं पुरे. मी या क्लबचा सेक्रेटरी. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे फॉर्म भरणं, ओळखपत्रं सांभाळणं, बर्फ आणणं आणि मॅचच्या दिवशी सकाळपासून पोरांना फोन लावत बसणं.

आधीचे कोच जानेवारीत गेले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना एका अकॅडमीत लहान मुलांना शिकवायचं काम मिळालं, महिन्याच्या एक तारखेला पैसे. आम्ही त्यांना प्रवासखर्च देत होतो, तोही बऱ्याचदा "पुढच्या आठवड्यात नक्की" या बोलीवर. ते गेले तेव्हा दहा मॅच झाल्या होत्या. एक जिंकलो, दोन बरोबरीत, सात हरलो. पाच गुण.

नवे सर आले ते एका गोदामातून. म्हणजे अजूनही तिथेच आहेत, डिस्पॅच बघतात. कुठली गाडी कधी सुटली, कुठे पोचली, कुठे अडकली, दिवसभर हेच. तरुणपणी ऑफिसच्या टीमकडून गोलकीपर होते. पहिल्या दिवशी पोरं शूज बांधून उभी, आणि यांनी बॉलची जाळी उघडलीच नाही. एक लाल पुठ्ठ्याची लांबडी वही काढली आणि एकेकाला विचारायला लागले. राहतोस कुठे? उतरतोस कुठल्या स्टेशनला? कामावरून किती वाजता सुटतोस? सुट्टी कधी? पंधरावीस मिनिटं हेच चाललं. शेवटी आमचा विंगर म्हणाला, "सर, पोझिशन नाही विचारली कोणाची."

"ती दिसेल मला. घर दिसत नाही."

मला तेव्हा वाटलं, झालं, अजून एक नमुना गळ्यात पडला.

पुढच्या आठवड्यात पहिली मॅच आम्ही २-१ जिंकलो आणि सगळीकडे एकच चर्चा, नवीन कोचने जादू केली. जादू काही नव्हती. समोरची टीम नऊ जणांवर उतरली होती. टीमशीट माझ्या हातात होती, त्यामुळे मला माहीत. पण जिंकल्यावर असलं कोण बोलून दाखवतं? मीही गप्प बसलो. त्यानंतरच्या मॅचला ४-० पडली.

माझा भाचा अर्थशास्त्र शिकतो. त्याने मला मोबाइलवर एक गोष्ट वाचून दाखवली. बास तेर वील नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या वरच्या लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. हरणाऱ्या क्लबने कोच काढला की थोड्या दिवसांत निकाल सुधारतात, हे खरंच. पण तितक्याच हरणाऱ्या ज्या क्लबांनी कोच काढला नाही, त्यांचेही निकाल तेवढेच सुधारले. तळाला गेल्यावर थोडं वर येणं आलंच, कोच कोणीही असो. भाच्याला हे फार आवडलं. मला आवडलं नाही, पण खोडताही येईना.

मग मी त्याला खालिद जमीलची गोष्ट सांगितली. कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर येणाऱ्या कोणालाही विचारा, खालिदची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. मुंबई एफसी ही आपली आय-लीगमधली, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या लीगमधली टीम. २०१०मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाली, पुढे एअर इंडियाही लीगमधून गेली, तेव्हा तिथे मुंबईचं नाव राहिलं ते हिच्यामुळे. खालिद आधी तिथे खेळला आणि २००९पासून कोच झाला. मोठे पैसे नाहीत, मोठी नावं नाहीत. लोक वैतागायचे की हा माणूस ड्रॉ खेळतो. खेळायचाच. पण त्या सात हंगामांत टीम एकदाही खाली गेली नाही. २०१६मध्ये क्लबने त्याला मोकळं केलं. तो मिझोरामच्या आयझॉलला गेला. आयझॉलची टीम आदल्या हंगामात खाली गेलेली होती, गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतलं म्हणून त्यांना परत आत घेतलं गेलं. खालिदबरोबर मुंबईची काही पोरंही तिकडे गेली, आपला जयेश राणे त्यातलाच. २०१६-१७चा तो हंगाम. १८ मॅच, ३७ गुण, मोहन बागानपेक्षा एक जास्त. आयझॉल भारताचा चॅम्पियन. आणि त्याच तक्त्यात सगळ्यात खाली मुंबई एफसी, जिने त्या एका हंगामात दोन कोच वापरले. खाली गेली आणि बंदच पडली. तोच खालिद २०२५मध्ये भारताचा कोच झाला.

भाचा म्हणाला, "एका उदाहरणाने काय सिद्ध होतं?" बरोबर आहे त्याचं. पण डच लीगमध्ये अकरा जण येणार हे गृहीत धरलेलं असतं, एवढं मी त्याला ऐकवलं.

आमच्याकडे तेच गृहीत धरता येत नाही. खरी मेख तिथे आहे, आणि ती मला वीस वर्षं सेक्रेटरी असून दिसली नव्हती. आमचा क्लब लालबाग-परळच्या चाळीतला. माझ्या लहानपणी टीम जमवायची म्हणजे गॅलरीत उभं राहून हाक मारायची. पाच मिनिटांत अकरा, दहा मिनिटांत बावीस आणि वर भांडायला चार. मिलच्या, ऑफिसच्या टीम जोरात होत्या. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा. चांगलं खेळणाऱ्या पोराला तिथे नोकरी लागायची आणि मॅचच्या दिवशी साहेबच दुपारी सोडायचा. १९८२चा संप झाला, गिरण्या गेल्या, जागेवर टॉवर आले. घरं पांगली. कोणी टिटवाळ्याला, कोणी बदलापूरला, कोणी नालासोपाऱ्याला. बापाने खोली विकली, पण पोरगा खेळायला आमच्याकडेच येतो, कारण बाप आमच्याकडे खेळायचा. मैदान परळलाच राहिलं.

त्यात आमच्या मॅच आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा असतात, दुपारी. स्ट्रायकर खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. एक मॅच म्हणजे त्याची अर्ध्या दिवसाची कमाई गेली. कायदा सांगतो की मैदानावर किमान सात जण असले तर मॅच सुरू होते. या हंगामात आम्ही दोनदा आठ जणांवर सुरू केली आहे. दोन्ही वेळा मी साइडलाइनला मोबाइल कानाला लावून "कुठे पोचलास, कुठे पोचलास" करत होतो आणि समोर गोल होत होते. आणि घरी येऊन म्हणायचो, आपली डिफेन्स कच्ची आहे.

वहीतलं एक पान सरांनी मला दाखवलं होतं. अक्षर गोदामातल्या चलनासारखं, तिरकं आणि दाबून. लेफ्ट बॅक, टिटवाळा, सुट्टी गुरुवार. राइट बॅक, नालासोपारा, रात्रपाळी, सकाळी सातला सुटतो, दुपारी झोप. स्ट्रायकर, गोवंडी, हार्बर. गोलकीपर, काळाचौकी, चालत. चालत या शब्दाखाली दोन रेघा. सरांच्या मते आमच्या टीमचा सगळ्यात मौल्यवान खेळाडू कोण, ते त्या दोन रेघांवरून कळतं. (गोलकीपरच्या आईला हे सांगितलं नाही, नाहीतर रोज विचारेल.)

मग त्यांनी टीम पोझिशनवर न लावता रेल्वेवर लावायला सुरुवात केली. उजवी बाजू पश्चिम रेल्वेची, डावी मध्य रेल्वेची. नकाशावर उलटं आहे, पण आमचं असंच आहे. कारण सोपं. सगळे एकत्र प्रॅक्टिसला परळला येणं आठवड्यातून एकदाही जमत नाही. पण राइट बॅक आणि राइट विंगर दोघं नालासोपाऱ्याचे, ते तिथल्याच मोकळ्या जागेत संध्याकाळी अर्धा तास भेटू शकतात. टिटवाळ्याचा आणि कल्याणचा तसेच. "दोघांत होईल तेवढंच शिकवतो," सर म्हणाले. दोघांत काय होतं? थ्रो-इन होतो.

तर आम्ही दीड महिना थ्रो-इन शिकलो. मला आधी हसू आलं. मुंबईच्या मैदानावर थ्रो म्हणजे बॉल उचलायचा, डोक्यावरून फेकायचा, समोरच्याचा होतो, परत पळायचं. सरांनी मोजून दाखवलं. एका हाफमध्ये आम्ही चौदा थ्रो घेतले, अकरा वेळा बॉल समोरच्यांकडे गेला. आता आमचा विंगर फेकणाऱ्याकडे तोंड करून दोन पावलं येतो, मार्क करणारा पोरगा त्याच्या पाठीला चिकटतो, आणि मग विंगर अंग चोरून लाइनला समांतर सुटतो. बॉल त्याच्या पुढ्यात, पायाशी. हातभर जागा मिळते. तेवढी पुरते. परवाच्या गोलची सुरुवात अशाच थ्रोवर झाली, आणि टर्फवरची काळी रबराची भुकटी शूजमधून झटकत बसलेला राइट बॅक हाफटाइमला म्हणाला, "सोपाऱ्याला आम्ही हेच करतो, तिथे फक्त बकऱ्या मार्किंगला असतात."

दुसरी युक्ती कागदाची, म्हणजे माझ्या खात्यातली, आणि मलाच सुचायला हवी होती. टीमशीटवर नाव असलं की उशिरा आलेला खेळाडूही आल्यावर खेळू शकतो. आम्ही इतकी वर्षं लांबच्या पोरांना सुरुवातीला खेळवायचो आणि ती नाही आली की कपाळाला हात लावायचो. सर जवळची पोरं आधी उतरवतात. लांबची नावं सबमध्ये. ती धापा टाकत आली तरी पाणी पितात, बसतात, दुसऱ्या हाफला ताजी उतरतात. रविवारी मॅच असली तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद ते, बघूनच टीम ठरते. हार्बरवर ब्लॉक असला की स्ट्रायकर बदलतो. समोरच्या टीमला वाटतं, आमच्या कोचचं काहीतरी डावपेचाचं चाललंय.

एका बाबतीत मात्र मला त्यांचं पटलेलं नाही. आमचा कॅप्टन छत्तीस वर्षांचा आहे. चौदा वर्षं सेंटर हाफला खेळतोय आणि माझ्या आठवणीत त्याने एकही मॅच चुकवलेली नाही. आठ जणांवर सुरू केलेल्या त्या दोन्ही मॅचमध्ये तो होता. सरांनी त्याला तिसऱ्या मॅचला बसवला. मी म्हटलं, "सर, हा एकटा न बोलावता येतो." ते म्हणाले, "येतो म्हणून खेळवायचा का?" अहो, मग ती वही कशासाठी? मी त्यांना हे विचारलंही. ते म्हणाले, वही येण्यासाठी आहे, आल्यानंतरचं वेगळं. फुटबॉलच्या हिशेबाने त्यांचं चूक नाही. तो आता वळायला वेळ लावतो, समोरचा पोरगा तेवढ्यात निघून जातो, हे मलाही दिसतं. पण त्या दिवशी तो काही न बोलता आत गेला, जर्सी घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली आणि बर्फ आणायला गेला. ते माझं काम आहे. त्याने नको करायला होतं.

तो अजूनही येतो. सगळ्यांच्या आधी.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नवे सर आल्यावर सहा मॅच झाल्या. दोन जिंकलो, दोन बरोबरीत, दोन हरलो. पाचाचे तेरा गुण झाले. आमच्या खाली आता दोन टीम आहेत. यातलं सरांचं किती आणि नऊ जणांवर आलेल्या त्या टीमचं किती, हे भाच्याला विचारा, तो सांगेल. वर जाण्याचं म्हणाल तर यंदा नाही. पुढच्या वर्षी सर असतील का, हेही ठरलेलं नाही, कारण गोदाम भिवंडीला हलवायचं चाललंय म्हणे. त्या लाल वहीत पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचंही नाव लिहिलंय, पुढे स्टेशनची जागा मोकळी.

आता उठतो. आज मॅच आहे, माटुंगा ते मुलुंड ब्लॉक आहे, आणि लेफ्ट बॅकला फोन लावायचाय.

"कुठे पोचलास?"

"कुर्ला."

चालेल. दुसऱ्या हाफला.