जुनं सील चांगलं दिसतंय की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जीपचं पुढचं चाक काढून बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायला बसलो की कुणी ना कुणी थांबतंच. गाडी कुठल्या सालची, ॲव्हरेज किती, हे झालं की बाजूला काढून ठेवलेल्या ग्रीस सीलकडे, म्हणजे बेअरिंगचं ग्रीस आत अडवणाऱ्या गोल कड्याकडे, बोट जातं. "हे तर चांगलं दिसतंय की! परत हेच का नाही बसवत?"

कारण ते काढतानाच वाया जातं. महिंद्राच्या जुन्या सीजे जीपला पुढच्या प्रत्येक चाकात दोन टेपर रोलर बेअरिंग, म्हणजे निमुळत्या रोलरची बेअरिंग, असतात. बाहेरचं बेअरिंग नट काढले की हातात येतं. आतलं बसलेलं असतं सीलच्या आड, त्यामुळे सील उचकटल्याशिवाय ते निघत नाही. उचकटताना सीलचा पत्रा वाकतो. ठोकून सरळ केला तर दिसतो सरळ, पण हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागात, पुन्हा नीट गोल बसत नाही. मग जिथे फट, तिथून ग्रीस बाहेर.

बाहेर म्हणजे कुठे, ते महत्त्वाचं. सीलच्या पलीकडे लगेच ब्रेक आहे. या गाड्यांना चारी चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक मारून मारून हब तापतो, ग्रीस पातळ होतं आणि झिरपत लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, येतं. मग दिवे घाट उतरताना ब्रेक दाबला की एक चाक पकडतं, दुसरं घसरतं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं. ग्रीस प्यायलेलं लायनर पेट्रोलने पुसून भागत नाही, कारण तापलं की आतलं ग्रीस पुन्हा वर येतं. लायनर बदलावं लागतं, आणि तेही दोन्ही चाकांचं. सीलची किंमत म्हणाल तर दोघांच्या नाश्त्याचं बिल त्याहून जास्त होतं. तेवढ्यासाठी कसली काटकसर?

उलट्या दिशेने पाणी येतं. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की नदीपात्रातला रस्ता बंदच करतात, तो प्रश्न नाही. पण एरवीही पुण्यात तासभर जोराचा पाऊस झाला की अर्धं चाक पाण्यात. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सील कमजोर असेल तर तिथूनच पाणी आत ओढलं जातं. असा हब उघडलात तर ग्रीस दुधाळ झालेलं दिसेल आणि रोलरवर गंजाचे ठिपके.

"मग वरून थोडं ग्रीस भरलं तर?" हेही कुणीतरी विचारतंच. हबच्या बाहेरच्या टोपीत कोंबलेलं ग्रीस टोपीतच राहतं. ते जायला हवं रोलरच्या मधे, आणि त्याला हाताशिवाय उपाय नाही. आधी बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये स्वच्छ धुवायचं, पूर्ण वाळवायचं. हवेचा पाइप लावून ते गरगर फिरवायचा मोह पोरांना होतो. तो टाळा, सुटलेला रोलर गोळीसारखा येतो. मग उजेडात धरून बघायचं. निळसर झाक असेल तर ते तापलंय, खड्डे असतील तर संपलंय. अशा वेळी कप (बेअरिंगची बाहेरची कडी) आणि कोन (रोलर असलेला आतला भाग) जोडीनेच बदलायचे. नव्या कोनाला जुना कप नाही.

ठीक असेल तर डाव्या तळहातावर लिंबाएवढा एपी थ्री ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढायची. दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीसचे कोंभ फुटले की थोडं फिरवून पुढचा भाग. जुन्या-नव्या ग्रीसची भेसळ नको, सगळ्याच जाती एकमेकींशी पटवून घेत नाहीत. हबची पोकळीही ठासून भरायची नाही. जागा ठेवली नाही, तर तापल्यावर ते सीललाच ढकलतं.

नवं सील बसवताना स्प्रिंग असलेली बाजू आत, लिपवर, म्हणजे सीलच्या आतल्या मऊ कडेवर, ग्रीसचं बोट, आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू सगळीकडून सारखं ठोकायचं. त्याआधी लिप जिथे घासते त्या जागेवरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नवं सीलही गळणार.

नट आवळणं हा माझा आवडता भाग. टेपर बेअरिंगचं पेटंट टिमकनने १८९८ मध्ये घेतलं. त्याची खुबी अशी, की गाडीचं वजन आणि वळणावरचा आडवा रेटा दोन्ही तेच पेलतं. मात्र त्याचा ताण आपल्याला लावून द्यावा लागतो. चाक फिरवत फिरवत ते जड होईपर्यंत नट आवळायचा आणि एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. नट षट्कोनी आहे, त्यामुळे एक बाजू मागे घेतली की झालं, मोजपट्टी लागत नाही. मग लॉक वॉशर, लॉक नट, आणि वॉशरची कड दुमडायची. लॉक नटने ताण थोडा बदलतो, म्हणून चाक वर-खाली धरून पुन्हा एकदा हलवून बघायचं.

जुनं सील मी टाकून का देत नाही, हेही तुमच्या मनात असेल. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर "जीपचं पुढचं सील" म्हटलं की तीन वेगवेगळी समोर येतात. जुनं खिशात असलं की त्यावरचं माप वाचून दाखवता येतं. नवं सील मापाला जुळलं की जुनं तिथेच त्यांच्या डब्यात.

आणि किती दिवसांनी करायचं, तर मी पावसाळा संपला की दसऱ्याआधी करतो. गाडीला हार घालायचाच आहे, तर आत पाणी नाही हे बघून घालावा.