दुधात कुस्करलेली भाकरी

मंगळवार, रात्र

आज आप्पांनी भाकरी चावून खाल्ली. अर्धीच, पण पापुद्र्याची, खरपूस. आईने आणखी चतकोर वाढली तेव्हा मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

महिनाभर ते भाकरी दुधात कुस्करून खात होते. चार घास झाले की जबडा भरून यायचा, जरा थांबले की परत खाता यायचं. दाताच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली आणि मी निश्चिंत झाले. डावं कानशील उशीला टेकवत नाही, कंगवाही लागतो, असं ते बोलले होते. तेही मी आजारपणाच्या खात्यात टाकलं. ताट रोज माझ्यासमोर होतं!

मग गेल्या बुधवारी डाव्या डोळ्यापुढे पडदा आला. पाच मिनिटांत गेला, पण मी लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला.

फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी चालू होती, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम. प्रतिकारपेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो; जपानच्या तासुकु होंजोंनी तो १९९२ मध्ये शोधला. कॅन्सर त्या ब्रेकवर पाय देऊन बसतो, औषध तो पाय उचलतं. मग मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी आपल्याच शरीरावर उलटतात. थायरॉइड, आतडी, कातडी यांवर बऱ्याचदा. रक्तवाहिन्यांवर फार क्वचित. आप्पांच्या कानशिलाची रोहिणी सुजली होती, सोनोग्राफीत तिच्याभोवती काळं कडं दिसलं. या आजाराचं नाव जायंट सेल आर्टेरायटिस. जबडा भरून येणं, कानशील दुखणं, डोळ्यापुढचा पडदा, सगळं त्याचंच. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही, म्हणून बायोप्सीची वाट न पाहता त्याच रात्री शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. तीन दिवसांनी गोळ्या. आता स्टेरॉइडने साखर २८० वर गेलीय, ती वेगळी लढाई.

इम्युनोथेरपी थांबवली आहे. "मग माझ्या गाठीचं काय?" आप्पांनी विचारलं. गाठ लहान झाली होती, आणि औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम पुष्कळांत टिकतो, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांनी मान हलवली. मला त्यांचं ते मान हलवणं पटलं नाही, ते माझ्यासाठी होतं.

रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्यांच्याकडून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घेते. आज डाव्या डोळ्याने त्यांनी तारखेखालची बारीक अक्षरातली तिथीसुद्धा वाचली.