मिळाला का काही?

खांद्यावर रॉड घेऊन परत येताना वाटेत जो कोणी भेटतो तो एकच विचारतो, "मिळाला का काही?" गेली पंधरा-सोळा वर्षं मी गळ टाकतेय आणि इतक्या वर्षांत दुसरा कुठला प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. प्रश्न चुकीचा आहे असं नाही म्हणणार मी, पण हो म्हटलं काय किंवा नाही म्हटलं काय, माझा दिवस कसा गेला ते त्यातून कळतच नाही, कारण माझे सगळ्यात भारी दिवस रिकाम्या हाताचे निघालेत आणि भरपूर मासे मिळालेला एक दिवस असा आहे की आज त्यातलं मला धड काही आठवतसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात आम्ही चौघं एकाच तळ्यावर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत होतो. मी, एक मित्र ज्याला फक्त मोठा मासा हवा असतो, एक मैत्रीण जी फ्लाय, म्हणजे पिसांचा खोटा किडा, सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाही, आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. सामान आवरताना सहज विषय निघाला की आज सगळ्यात मजा कधी आली, तर चौघांची चार उत्तरं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय.

आधी माझं सांगते. मला फ्लोट, म्हणजे लाईनला बांधलेली ती पाण्यावर तरंगणारी काडी, बघायला आवडतो. लाईनवर शिशाचे मणी असे लावायचे की फ्लोटचं फक्त टोक, सेंटिमीटरभर, पाण्याबाहेर राहिलं पाहिजे, कारण जास्त बाहेर राहिला तर ओढताना माशाला तेवढा जास्त विरोध जाणवतो आणि तो आमिष सोडून देतो. हे जमायलाच मला एक अख्खा सीझन लागला. आणि फ्लोट बुडला म्हणजेच मासा लागला असं सगळ्यांना वाटतं ना, तसं नसतं! तळाशी चरणारा मासा आमिष तोंडात घेऊन डोकं वर करतो तेव्हा गळाजवळचा मणी पण त्याच्याबरोबर उचलला जातो, म्हणजे फ्लोटवरचं वजन कमी होतं, आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी चक्क वर येतो, कधी कधी तर आडवाच पडतो. त्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमाराला फ्लोटच्या बाजूला अगदी बारीक बुडबुड्यांची एक ओळ आली, मग थांबली, मग फ्लोट अर्धं बोट वर आला आणि तसाच राहिला. मी श्वास धरून होते. रॉड उचलला तर काही नाही, गांडूळ अर्धं कुरतडलेलं. पण माझ्या दिवसातला सगळ्यात भारी क्षण तोच, त्या अर्ध्या बोटाचा. खाली कोण होतं ते मला कधीच कळणार नाही आणि त्याचं मला वाईट पण वाटत नाही.

मैत्रिणीचं वेगळंच. ती तळ्याला ओढा येऊन मिळतो तिथे उभी असते, आणि पहिला अर्धा तास रॉड हातात पण घेत नाही, नुसते दगड उलटे करून बघते. दगडाखाली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, कितीतरी जातींची पिल्लं वर्षभर पाण्याखाली काढतात आणि मग पंख फुटून वर आली की मोठ्या किड्याला खायला तोंडच उरलेलं नसतं, काही तासांचं नाहीतर फार तर एक-दोन दिवसांचं आयुष्य, त्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. मासे ह्याच वेळेची वाट बघत असतात. तर दगडाखाली जो किडा दिसला त्याच्या मापाची, त्याच रंगाची फ्लाय ती डबीतून निवडते, डबीतल्या सगळ्या तिने स्वतः पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेल्या. आणि फेकणं, म्हणजे कास्ट, बघत बसावं असं! साध्या गळाला आमिषाचं किंवा शिशाचं वजन लाईनला ओढत नेतं, फ्लायला वजनच नसतं, तिथे जाड लाईनचंच वजन फ्लायला घेऊन जातं, म्हणून ती लाईन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं आणि मगच पुढे. तिचं उत्तर होतं, "दुपारी एक कास्ट असा पडला की फ्लाय पाण्यावर टेकल्याचं मला दिसलंच नाही." मासा त्या कास्टला आला का हे सांगायचं तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही, मी विचारल्यावर म्हणाली, हो, आला होता ना.

ती मला कायम वाकून चालायला लावते, त्यामागचं कारण मला फार आवडतं. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो त्यामुळे माशाला पाण्याबाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि काठावर खूप खाली वाकलेला माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेला, चपटा होऊन जातो, जवळजवळ दिसतच नाही. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते तिने त्याला पाण्यातली हालचाल जाणवते, त्यामुळे काठावर धपधप पाय आपटत आलात तर तुम्ही बसायच्या आधीच त्याला कळलेलं असतं. आता मला कुणी तळ्याकाठी पळताना दिसलं की जीव वरखाली होतो.

मोठ्या माशावाला मित्र. त्याला रेकॉर्ड तोंडपाठ. लार्जमाऊथ बास ह्या माशाचा विक्रम 2 जून 1932 ला अमेरिकेत जॉर्जियामध्ये जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने केला, 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या थोडा वर, आणि पेरीने तो मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. मग 77 वर्षं कुणीही तो मोडू शकलं नाही, 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांना एक मासा मिळाला जो पेरीच्या माशापेक्षा एक औंस पण जास्त नव्हता, आणि नियम असा की ह्या वजनाच्या माशात निदान दोन औंसांचा फरक असेल तरच जुना विक्रम मोडला असं धरतात, म्हणून आज दोघांचं नाव बरोबरीने आहे. हे सांगताना मित्राचा आवाज बदलतो. तो वर्षातले कितीतरी दिवस एकही मासा न मिळता काढतो आणि ते त्याला मान्य आहे, कारण त्याच्या मनात एकच मासा आहे. अमेरिकेत मस्की नावाच्या माशाला दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, एक मिळायला इतके कास्ट लागतात म्हणून, तसा हा माणूस आहे. त्याच्या दिवसाचं उत्तर? पहाटे चारला, अंधारात, तळ्याच्या मधोमध काहीतरी प्रचंड मोठं उसळून परत पडल्याचा आवाज. फक्त आवाज! "आहे तो इथे," म्हणाला.

आणि नेमकं उलटं टोक पण आहे, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता. जपानमध्ये तानागो नावाचा एक चिमुकला मासा गरवायची जुनी परंपरा आहे, त्यात जितका लहान मासा तितकं कौतुक, आणि त्यासाठीचे गळ इतके बारीक की भिंगाखाली धरून घासावे लागतात. म्हणजे एक जण आयुष्यभर दहा किलोच्या मागे आणि दुसरा तळहातावर हरवून जाईल अशा माशाच्या मागे, आणि दोघांचं वेड सारखंच.

स्पर्धावाल्यांबद्दल मी फार लिहू शकत नाही, त्यांना घड्याळ आणि वजनकाटा लागतो, मला तिथे श्वास घेता येत नाही, पण एकदा एका स्पर्धेत मागे उभी राहून बघितलंय आणि त्या माणसाचे हात ज्या वेगाने गळ सोडवून परत आमिष लावत होते ते बघणं म्हणजे तबलजीची बोटं बघण्यासारखं होतं.

हॉब्सन ब्रायन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1977 मध्ये ट्राऊट मासे पकडणाऱ्यांवर अभ्यास केला आणि त्यांचे चार प्रकार सांगितले: कधीतरी जाणारे, सगळं थोडं थोडं करणारे, एका तंत्रात मुरलेले, आणि ज्यांना तंत्रही ठरलेलं लागतं आणि पाणीही ठरलेलंच लागतं असे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस जसजसा मुरत जातो तसतसं त्याचं लक्ष माशांच्या संख्येवरून उठून पाण्याकडे, तंत्राकडे, ते पाणी जपण्याकडे वळतं. हे मला आजूबाजूला दिसतं, पटतंही. फक्त काही लोक ह्याची शिडी करून टाकतात, की खाली गांडूळवाले आणि वर फ्लायवाले, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. मी सोळा वर्षांनंतर पण गांडूळ आणि फ्लोटवरच आहे आणि इथून कुठे वर चढायचंय असं मला कधी वाटलं नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायलाच हवी. आम्ही सगळे म्हणतो की मासा महत्त्वाचा नाही, शांतता, निसर्ग वगैरे. रॉबर्ट आर्लिंगहाउस ह्या जर्मन संशोधकाने 2006 मध्ये जर्मनीतल्या गरवणाऱ्यांबद्दल नेमकं हेच दाखवलं, की का जाता असं विचारलं तर बरेच लोक मासा सोडून इतर कारणं पुढे करतात, पण दिवसाअखेर समाधान किती झालं हे बघायला गेलं तर ते मासा मिळण्यावर चांगलंच अवलंबून असतं. वाचून मी आधी चिडले आणि मग दोन दिवस विचार करत बसले, कारण मला नुसती शांतता हवी असती तर मी गळ न लावता पण बसू शकले असते की! एकदा तसं करूनही बघितलं, आमिष संपलं होतं म्हणून रिकामा गळ टाकून बसले, आणि दहा मिनिटांत उठले. पाणी तेच, पक्षी तेच, पण फ्लोटकडे बघण्यात काही अर्थच उरला नव्हता. मासा मिळाला नाही तरी चालतं, पण तो मिळू शकतो हे लागतंच. माझ्या मते सगळ्यांचं नातं तिथे जुळतं, मित्राचा अंधारातला आवाज, माझं अर्धं बोट, मैत्रिणीचा कास्ट, सगळं त्या 'शकतो'वर उभं आहे.

मिळाल्यावर काय करायचं ह्यावर आमच्यात वाद होतात. मी अधूनमधून एखादा खायला नेते, मित्र एकही नेत नाही, आणि जर्मनीत तर नुसतं सोडून देण्यासाठीच मासा पकडणं प्राणी संरक्षण कायद्यात अडचणीचं ठरू शकतं, त्यामुळे ह्यात एकच बरोबर असं काही नसावं. पण सोडायचा असेल तर नीट सोडा हो, ह्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. 1992 मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राऊट दमवून मग पाण्याबाहेर धरून बघितले. नुसते दमवलेल्यांपैकी 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी 72 टक्के. प्रयोगशाळेतले आकडे आहेत, प्रत्येक माशाला, प्रत्येक पाण्याला तेच लागू होतील असं नाही, पण एक मिनिट म्हणजे किती, एक बरा फोटो काढण्याइतकं! हे वाचल्यापासून मित्राने फोटोची पद्धतच बदलली. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला म्हणजे गळ पटकन सुटतो, हात आधी ओले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं संरक्षण असतो, मग मासा पाण्यातच धरून ठेवायचा, मी मोबाईल घेऊन तयार, तीनपर्यंत मोजून वर, क्लिक, परत पाण्यात. मग तो दोन्ही हातांनी त्याला सरळ धरून थांबतो. कल्ले हलायला लागतात, शेपटीत जोर येतो, आणि एका क्षणी मासा स्वतःच हातातून निघून जातो, सोडावा लागत नाही.

मला हे सगळं बाबांनी शिकवलं. गाठ ओढायच्या आधी लाळेने ओली करायची, कोरडी ओढली तर घर्षणाने लाईन तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते, हे त्यांचं पहिलं वाक्य मला आठवतंय. आम्ही घरात फार बोलायचो नाही. पण समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते शेजारी बसून, दोघांची नजर पाण्यावर असताना, निघतं. मला कॉलेज सोडायचंय हे मी त्यांना फ्लोटकडे बघत सांगितलं, आणि त्यांनीही फ्लोटकडे बघतच विचारलं, "बरं, मग पुढे काय?" त्या दिवशी मासा मिळाला होता की नाही ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

मुलीचं उत्तर राहिलंच. तिला दिवसभरात सहा मासे मिळाले, सगळे बोटाएवढे, आणि पहिल्या माशाला ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या काठावरचे लोक उठून उभे राहिले. आम्हाला वाटलं ती तेच सांगणार. ती म्हणाली, "तो खंड्या माझ्या रॉडच्या टोकावर येऊन बसला ना, तेव्हा. मी हललेच नाही, माझा हात दुखला तरी."

आणि खरंच, तेव्हा तिचा फ्लोट खाली गेला होता, मी बघितलं होतं, आणि तिने पण बघितला होता.