रिमोट बिघडलेला नव्हता

होम स्क्रीन, म्हणजे टीव्ही लावल्यावर पहिली दिसणारी स्क्रीन, बदलली की शिव्या येणार, हे आमच्या धंद्यात धरूनच चालतात. टीव्हीला जोडून यूट्यूबसारखी ॲप दाखवणाऱ्या स्ट्रीमिंग बॉक्सचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी युजर रिसर्चचं काम करते. म्हणजे लोक टीव्हीसमोर बसून नेमकं काय करतात ते बघायचं आणि ज्यांनी स्क्रीन बनवली त्यांना जाऊन सांगायचं. यातला दुसरा भाग जास्त अवघड. आमचे बॉक्स दुकानात सुटे मिळत नाहीत, केबल आणि ब्रॉडबँडवाले कनेक्शनबरोबर देतात. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक बॉक्स निवडत नाही, तो त्याच्या घरी येतो. आणि होम स्क्रीन बदलली तर तीही एका रात्रीत, न विचारता येते.

जुन्या स्क्रीनवर वर एक बारीक पट्टी होती (शोध, प्रोफाइल, सेटिंग) आणि तिच्या लगेच खाली ॲपची ओळ. दिसायला जुनाट, पण जिथल्या तिथे. नव्या स्क्रीनवर अर्धा पडदा बॅनरने खाल्ला. त्यात ट्रेलर आपोआप सुरू होतो, आवाजासकट. त्याखाली ‘पाहणं सुरू ठेवा’ ही ओळ, मग ॲप, मग शिफारशींच्या एकाखाली एक ओळी.

बॅनर का आलं याबद्दल मला भाबडेपणा नाही. रोकूसारखी अमेरिकन कंपनी असेच बॉक्स तोट्यात विकते आणि जाहिराती-वर्गण्यांतून कमावते, हे तिच्या ताळेबंदात उघड दिसतं. आमच्याकडेही हिशोब तोच. बॉक्स स्वस्त पडतो तो त्या बॅनरमुळे, आणि माझा पगारही काही अंशी त्यातूनच निघतो.

अपेक्षेप्रमाणे शिव्या आल्या. ‘घर माझं, टीव्ही माझा, आणि जाहिरात तुमची?’, ‘रात्री बाळ झोपलेलं असताना ट्रेलर केकाटतो’, ‘जुनं परत द्या’. एक स्टार, एक स्टार, एक स्टार. आमचे प्रॉडक्टचे साहेब निवांत होते. अशा वेळी सांगायचे दाखले त्यांना पाठ आहेत. २०२१ मध्ये एनव्हिडिया शील्ड हा बॉक्स वापरणाऱ्यांनी होम स्क्रीनवर जाहिराती आल्या म्हणून अँड्रॉइड टीव्ही या गूगलच्या सॉफ्टवेअरच्या होम ॲपला असेच धडाधड एक-एक स्टार दिले होते. ‘पुढे काय झालं? बॅनर गेलं? लोक दोन आठवडे ओरडतात, मग सवय होते.’ ॲमेझॉनच्या फायर टीव्हीचा दाखला ते देत नाहीत. तिथे २०२० अखेरच्या नव्या रचनेत समोर ठेवता येणारी आवडती ॲप सहाच होती, त्यावर लोक वर्षानुवर्षं कुरकुरले, आणि जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या रचनेत ती मर्यादा २० वर गेली. सवय झाली असती तर ती वाढवायची गरज काय होती?

पण मला खटकलं ते वेगळंच. सपोर्टच्या साप्ताहिक तक्त्यात ‘रिमोट खराब’ या रकान्याची तक्रार त्याच सुमारास वर चढली होती. कोणाचं लक्ष नव्हतं, कारण तो हार्डवेअरचा रकाना, आणि हार्डवेअरवाले आमच्या मीटिंगला नसतात. त्यांनी त्यांच्या पद्धतीने प्रश्न सोडवायला घेतला होता: रिमोट बदलून द्यायचे आणि पुरवठादाराला पत्र लिहायचं. आता, होम स्क्रीन बदलल्यावर रिमोट का बिघडावेत? मी विचारलं तर उत्तर आलं, ‘बॅच खराब असेल.’ बॅच म्हणजे आमच्याकडे जुन्या काळातली साडेसाती. काहीही तिच्या माथी मारता येतं.

ज्यांचा रिमोट बदलूनही तक्रार परत आली होती, तेवढीच नावं मी वेगळी काढली. त्यातलं एक घर सांगलीला विश्रामबागेत होतं. स्थानिक केबलवाल्याचा मुलगा मला तिथे घेऊन गेला. हुशार पोरगा. वाटेतच म्हणाला, ‘मॅडम, आण्णांचा रिमोट मी दोनदा बदललाय. मोबाइलच्या कॅमेऱ्यातनं बघितला, लाइट लागतीय.’ रिमोटच्या पुढच्या टोकाचा इन्फ्रारेड दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्यातून, त्यातही सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघितला तर बटण दाबताना जांभळट चमकतो. ही तपासणी आमच्या सपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये नाही. स्क्रिप्टमध्ये आहे, ‘सेल बदलून पाहा.’

आण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सत्तरीच्या पुढचे. चहा झाला. मी म्हटलं, ‘आण्णा, रोज लावता तसं लावून दाखवा ना.’ त्यांनी रिमोट हातात घेतला, अंगठा गोल बटणावर टेकवला, आणि पटापट दाबलं: होम, खाली, उजवीकडे, उजवीकडे, ओके. यूट्यूबवरचं कीर्तन लागायला हवं होतं. लागली एक मालिका, मधूनच, कोणीतरी कोणाला तरी कानाखाली वाजवत असताना.

‘हे बघा. कधी लागतंय, कधी न्हाई. बटण दाबतंय एक आन् लागतंय भलतंच. सेल बी नवे घातले.’

मी टीव्हीकडे बघत नव्हते, आण्णांकडे बघत होते. एवढ्या वेळात त्यांची मान टीव्हीकडे वळलीच नव्हती. चेहरा खिडकीकडे होता. विचारलं तर म्हणाले, ‘दिसतंय कुठं ताई? साखरेनं डोळं नेलं. कडंनं थोडं धुरकट दिसतंय. टीव्ही आपला ऐकायला.’

हे त्यांनी सपोर्टला सांगितलं होतं का? नाही. कोणी विचारलं नव्हतं. तक्रार नोंदवायच्या फॉर्मवर मॉडेल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वायफाय की केबल, सगळं आहे. समोरच्या माणसाला दिसतं का, हे नाही.

‘कंडक्टरला बघावं लागतच नाही,’ असं त्यांनी वर मला ऐकवलं. तिकिटाच्या पेटीत कुठल्या कप्प्यात किती रुपयांचं तिकीट, ते बोटांना ठाऊक. रात्रीच्या गाडीत दिवे बंद असताना त्यांनी वर्षानुवर्षं तिकिटं फाडली, पंच केली, सुट्टे मोजून दिले. टीव्हीचंही त्यांनी तेच केलं होतं. सुनेकडून एकदा समजून घेतलं, की होम दाबलं की वरच्या पट्टीवर येतं, एक खाली की ॲप, दोन उजवीकडे की यूट्यूब. पुढचं काम अंगठ्याचं.

आता यातली गंमत म्हणा, दुखणं म्हणा. नव्या स्क्रीनवर ॲपची ओळ एक सोडून दोन पायऱ्या खाली गेली एवढंच असतं, तर आण्णांनी एका संध्याकाळीत नवी मोजणी शिकून घेतली असती. पण त्यांची तक्रार ‘कधी लागतंय, कधी न्हाई’ अशी होती, आणि ती अक्षरशः खरी होती. त्यांच्या परवानगीने मी लॅपटॉप त्यांच्या वायफायला जोडला आणि बॉक्सचा लॉग, म्हणजे दाबलेल्या बटणांची नोंद, उघडला. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक बटणाला आकडा असतो: होम ३, खाली २०, उजवीकडे २२, ओके २३. तो पूर्ण लॉग ३, २०, २२, २२, २३ ने भरलेला होता. मध्येच परत ३, म्हणजे चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. परत २०, २२, २२, २३. ज्या बटणांना आम्ही खराब ठरवलं होतं, त्यांतलं एकही दाबणं चुकलेलं नव्हतं.

चुकत होती स्क्रीन. आमचा बॉक्स १ जीबी रॅमचा. यूट्यूब उघडलं की जागा करण्यासाठी सिस्टिम होम स्क्रीनला मेमरीतून काढून टाकते. होम दाबलं की ती नव्याने उभी राहते, आणि तिच्या ओळी नेटवरून एकेक करून येतात. ॲपची ओळ बॉक्समध्येच असते, ती आधी येते. ‘पाहणं सुरू ठेवा’ सर्व्हरवरून येते, ती मागून येते आणि ॲपच्या वर घुसते. तुम्ही तोवर खाली दाबून ॲपच्या ओळीत पोचलेले असता. फोकस, म्हणजे आत्ता काय निवडलंय ते दाखवणारी चौकट, म्हणतो, मी दुसऱ्या ओळीवर आहे, आणि तिथेच राहतो. पण दुसरी ओळ आता वेगळीच झालेली असते. दोन उजवीकडे, ओके, की सुनेची अर्धी राहिलेली मालिका. नेट सुस्त असेल तर ओळ उशिरा येते आणि यूट्यूब लागतं. नेट चांगलं असेल तर चुकतं. डोळस माणूस हे नकळत सावरून घेतो, नजर उडी मारते, फार तर एक ‘च्च’ म्हणतो. आण्णांना एकच अर्थ लागत होता: बटण कधी काम करतं, कधी नाही. म्हणजे रिमोट बिघडला. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आहे ना, असं तुम्ही म्हणाल. बॉक्सवर होतं. सुरू केलं. ते इंग्रजीत बोलायला लागलं, कारण मराठी आवाज आमच्या बॉक्समध्ये घालूनच दिलेला नव्हता, आणि तो उतरवून घ्यायचा पर्याय सेटिंगच्या अशा तळघरात, की मला सापडायला वेळ लागला. शिवाय कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला प्रत्येक चौकोनाचं नाव ऐकायचं नसतं. ‘ही बाई गप करा आधी,’ आण्णा म्हणाले.

पुण्याला परतल्यावर बाकीच्या नावांना फोन केले. सगळेच डोळ्यांनी अधू नव्हते. स्वयंपाक करता करता पाठमोऱ्या अभंग लावणाऱ्या एक काकू होत्या. अर्धांगानंतर हात थरथरतो म्हणून मोजून दाबणारे एक निवृत्त मास्तर होते. एका बाईंचं पोरगं तर चार वर्षांचं, वाचता येत नाही, पण कार्टून कुठे आहे ते त्याला पाठ होतं. यांपैकी कोणीही एक स्टार दिलेला नव्हता. कोणालाही ‘डिझाइन आवडलं नाही’ असं म्हणायचं नव्हतं. दोघांनी तर ‘माझ्याकडूनच काहीतरी चुकत असेल’ असं सांगितलं.

मीटिंगमध्ये मी लॉग दाखवला. डेव्हलपर मंडळींना तो पाच मिनिटांत कळला, त्यांचा चेहराच पडला. साहेबांच्या स्लाइडवर मात्र ‘होम स्क्रीनवर जाणारा वेळ वाढला’ हे यशाच्या खात्यात होतं. मी म्हटलं, यातला काही वेळ आण्णांचा आहे, ते तिथे रमलेले नाहीत, अडकलेले आहेत. ते म्हणाले, ‘एका माणसावरून डेटा होत नाही.’ मग मी डब्ल्यूसीएजी काढलं, म्हणजे अपंगांनाही वापरता येईल अशा वेब-रचनेची आंतरराष्ट्रीय नियमावली. ३.२.३ हा निकष २००८ पासून आहे: पुन्हा पुन्हा येणारे दुवे दर वेळी त्याच क्रमाने असावेत. ‘ते वेबसाइटसाठी आहे.’ यावर काय बोलणार? टीव्हीसाठी माणसाचे डोळे वेगळे मिळतात बहुतेक.

तरी दोन कामं मंजूर झाली. पहिलं, मागून येणाऱ्या ओळीने फोकस पळवायचा नाही आणि ॲपची ओळ बॅनरच्या लगेच खाली, कायम. हे पुढच्या तिमाहीत, कारण त्यात चाचण्या जास्त. दुसरं, बॅनरचा आवाज मुळात बंद ठेवायचा. हे लगेच, कारण कोडच्या एका ओळीचा बदल आणि एक-स्टारवाल्यांची पहिली मागणी तीच. त्यावर टाळ्याही झाल्या, माझ्यासकट.

त्यानंतर केबलवाल्या पोराला सहज फोन केला. म्हटलं, आण्णांचं काय? तो म्हणाला, ‘लागतंय की आता. आण्णांनी शोधून काढलंय. होम दाबायचं आन् थांबायचं. ती जाहिरात बोलायला लागली की समजायचं, सगळं आलं. मग दोन खाली, दोन उजवीकडं.’

बरोबर आहे. ट्रेलर सर्वांत शेवटी सुरू होतो, ओळी आल्यावर. ज्या आवाजाला अख्खं महाराष्ट्र शिव्या घालतंय, तो आण्णांची घंटी झालेला आहे. साहेबांना हे सांगितलं तर ते खूश. ‘बघ, झाली ना सवय.’

आवाज बंद करणारं अपडेट पुढच्या आठवड्यात जातंय. फोकसचं काम तिमाहीअखेर. मधल्या काळात आण्णांना ना घंटी ना जागा, आणि नंतर परत एकदा नवी मोजणी. आवाजाचं अपडेट फोकसबरोबरच सोडा, असं मी लिहून दिलंय. उत्तर आलं, लोकांची मागणी आहे, थांबवता येणार नाही. आणि ते खोटंही नाही, त्या रात्री उठणाऱ्या बाळाची आईसुद्धा माझीच युजर आहे. काही बॉक्सना आवाजाचं अपडेट उशिरा देता येईल का, ते रिलीजवाल्यांना विचारलंय. त्यांनी यादी मागितली आहे. ‘रिमोट खराब’ची यादी पाठवली तर ते म्हणतात, ही हार्डवेअरची आहे, आमच्याकडे चालत नाही.

सांगलीच्या पोराला मी अपडेटची तारीख कळवून ठेवली आहे.